कर्नाकचा निळा रंग

आमच्या कारखान्यात माझ्या सहीशिवाय गाडीच्या दाराचा एक स्क्रूसुद्धा बदलत नाही. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतोय. आणि सासऱ्यांच्या व्हिसाचा फॉर्म भरताना मीच 'एकदा प्रवेश' या चौकोनावर बेधडक फुली मारली. माणूस एकदाच येणार, मग एकदाच, असा माझा सरळ विचार.

चूक लक्षात आली ती पासपोर्टच्या झेरॉक्स काढताना, दोन हजार अठराच्या ईस्टरच्या सुट्टीत, इजिप्तच्या विमानाला दोन दिवस उरले असताना. माझे सासरे श्यामकांत जर्मनीतून एकदा बाहेर पडले की त्यांना परत आत येता येणार नव्हतं. मी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कचेरीत, जाऊन हातापाया पडलो. तिथल्या बाईंनी शांतपणे नकारार्थी मान हलवली.

खरं तर ही सगळी सहल बाबांसाठीच, म्हणजे सासऱ्यांसाठीच होती. हुरघाडाच्या समुद्रात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना हवा होता तिथून बसनं लक्सरला जाऊन यायचा एक दिवस. कऱ्हाडच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. लक्सरमधलं कर्नाकचं देऊळ ते रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचे आणि सांगायचे, की खांबांवरच्या दगडी तुळयांच्या पोटाला तीन हजार वर्षांपूर्वीचा निळा रंग अजून टिकून आहे. एकदा यमुना नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही पाहिलाय?" सर नाही म्हणाले. तो नकार त्यांना आजवर टोचत होता.

मी कबुली दिली तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं की तिनं आणि उर्जानं जायचंच. उर्जा आमची नऊ वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, त्यामुळे आजोबांशी बोलणं निम्मं हातवाऱ्यांनीच. निघण्याआधी त्यांनी तिला शेजारी बसवून तुळईचं चित्र काढून दिलं आणि वर बोट दाखवून कुठे बघायचं ते समजावलं. मी त्यांच्याबरोबर घरी राहिलो. तेवढं तरी मला करायलाच हवं होतं.

लक्सरच्या दिवशी ते सकाळीच आंघोळ करून, सहलीसाठी घेतलेली टोपी घालून स्वयंपाकघरात बसले. समोर माझा फोन. मी केलेल्या पोह्यांचा लगदा झाला होता, तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. साडेदहाला मीनलचा पहिला फोटो आला, देवळाच्या दाराचा. मग उन्हातले खांब, गाईडची पाठ, पुन्हा गाईडची पाठ. गाईड फार घाई करतोय, असं तिनं लिहिलं होतं. बाबा प्रत्येक फोटो मोठा करून बघत होते. निळा कुठेच नव्हता.

मग अर्धा तास काहीच आलं नाही. मला वाटलं, गेले सगळे पुढे.

"हृषिकेशराव, नसेलही हो तो रंग," बाबा हळूच म्हणाले. "मी पुस्तकात वाचलं ते मुलांना सांगत आलो. तीस वर्षं चुकीचं शिकवलं असेल तर?"

मी उठून उगाच चहा टाकला. चहा उकळत असताना उर्जाचा व्हॉइस मेसेज आला, चक्क मराठीत. मागे गलका होता आणि ती धापा टाकत होती.

"आजोबा, आहे! ब्लाऊ आहे. निळा. गाईड म्हणाला चला, मी नाही गेले. मी सगळ्यांना सांगितलं, वर बघा, माझ्या आजोबांनी सांगितलंय. आता सगळे वर बघतायत."

खाली फोटो होता. दगडाच्या पोटाला, उन्हापासून लपलेला, फिकट पण स्पष्ट निळा.

बाबांनी तो मेसेज तीनदा ऐकला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग टोपी काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "यमुनाचा नंबर आहे माझ्याकडे. ती आता आमच्याच शाळेत शिकवते. तिला हा फोटो पाठवा. लिहा, सरांनी अजून पाहिलेला नाही. पण सरांच्या नातीनं पाहिला."