चऱ्होलीच्या क्लबहाऊसमधला ठोसेबाज

मी एक जुना ठोसेबाज आहे. हे ऐकून, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर एखादा पहिलवान उभा राहील. पण मी आहे कपाटाएवढ्या लाकडी खोक्यातला व्हिडिओ गेम. माझा पडदा काळा-पांढरा आणि छातीवर दोन हातमोजे, दोन खेळाडूंसाठी. मोज्यात हात घालायचा, वर उचलून पुढे ढकलला की पडद्यावरचा गडी समोरच्याच्या डोक्यावर ठोसा मारतो. खाली नेऊन ढकलला की पोटात. माझ्या काळात मुष्टियुद्धाचे खेळ असेच असत, आणि खेळणाऱ्याचा खांदा खरोखर दुखत असे!

जपानमधल्या एका कारखान्यात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मी तयार झालो. तिकडच्या लोकांची माझ्याशी खेळायची हौस फिटल्यावर मी जहाजाने मुंबईला आणि तिथून टेम्पोने चिंचवडला आलो. लातूरकडून आलेल्या सयाजीरावांनी कंपनीतली नोकरी सोडून गेम पार्लर काढलं होतं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाइकांना नाणी देत.

काय दिवस होते ते! पहिली शिफ्ट सुटली की निळ्या कपड्यातले कामगार थेट माझ्याकडे येत. त्यांच्यात मालोजीराव हा चऱ्होलीचा उंचापुरा गडी कुणाला ऐकत नसे. "माज्यासमोर उभा राहील असा हाय का कुणी?" असं तो गरजला की पार्लरमध्ये शिट्ट्या वाजत. त्याला कुणीही हरवू शकलं नाही.

पण सकाळी शटर उघडण्याआधी निराळाच सामना होई. यशोदाबाई मला फडक्याने पुसत आणि मग पदर खोचून सयाजीरावांना म्हणत, "या, होऊन जाऊ द्या एक!" रोज सयाजीराव सपाटून मार खात. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "मालोजीशी खेळतीस का?" बाई दाराकडे बघून म्हणाल्या, "गर्दीत बाईमाणूस ठोसे मारायला लागलं तर लोक काय म्हणतील?" सयाजीरावांनी शटर वर केलं. बाई पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसल्या. तिथून त्यांना मालोजीचा प्रत्येक सामना दिसत असे आणि त्यांची उजवी मूठ आपोआप वळत असे. हे फक्त मीच पाहिलं.

पुढे माझी धाकटी भावंडं जन्माला आली. एकावर एक दोन पडद्यांची, रंगीत, बोलणारी. नंतर मोजे गेले, बटणं आली. मग खेळ घराघरातल्या टीव्हीवर आणि तिथून लोकांच्या खिशात गेले. पार्लर बंद पडलं. सयाजीरावांच्या चऱ्होलीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वर्षानुवर्षं उभा राहिलो. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे ठेवले गेले, पोटात पाली राहायला आल्या. चिंचवडच्या टाळ्या आठवल्या की फार एकटं वाटे.

यंदा ती शेड पाडायचं ठरलं. भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं. तेव्हा सयाजीरावांची मुलगी विजयश्री माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती चाकणच्या कंपनीत कंट्रोल पॅनल जोडते. "बाबा, रविवारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "चालू झाला तर आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवू. नाही झाला, तर न्या म्हणावं."

शिफ्टवरून आली की ती मला उघडून बसे. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या तिने नव्या जोडल्या. पडद्याला विजेचा जोर देणारा भाग जळाला होता, तो राजगुरुनगरच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे सापडला. फाटलेले मोजे यशोदाबाईंनी जाड दोऱ्याने शिवले. शनिवारी संध्याकाळी विजयश्रीने बटण दाबलं. काहीच नाही. तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं. "चालू हो ना रे," ती पुटपुटली. मग एक वायर पुन्हा घट्ट केली, आणि मित्रांनो, माझ्या काळोखात एक पांढरी रेघ उमटली! ती रुंदावली, आणि तिच्यातून दोन गडी मुठी आवळून उभे राहिले. सयाजीराव लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

रविवारी क्लबहाऊस माणसांनी भरलं. मालोजीरावही आले. केस पिकलेले, पण आवाज तोच. मोबाइलवर अंगठे चालवणारी तरुण पोरं त्यांनी एकामागून एक लोळवली. "आता कोन हाय?"

"मी आहे, भावजी," यशोदाबाई म्हणाल्या.

मालोजीराव हसले. "वहिनी, हात दुखंल."

"दुखू द्या की."

त्यांनी पदर खोचला आणि माझ्या मोज्यात हात घातला. सुरुवातीला मालोजीरावांनी डोक्यावर ठोशांचा मारा केला, बाई मागे रेटल्या गेल्या. "आई, वर सांभाळ!" विजयश्री ओरडली. पण बाईंनी मोजा खाली नेला. एक ठोसा. मालोजीराव गोंधळले. दुसरा. तिसरा! पडद्यावरचा मालोजी आडवा झाला आणि क्लबहाऊसचं छप्पर उडेल असा जल्लोष झाला. सगळ्यांत मोठी शिट्टी सयाजीरावांची होती.

"आवो वहिनी, ह्यो डाव कुठनं आणला?"

"तुम्ही नेहमी वरच मारता, भावजी. खालची बाजू उघडी राहते. त्या वेळीही राहायची."

"व्हय? मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तेव्हा कुणी विचारलं?"

मालोजीरावांनी बाईंचा हात धरून सगळ्यांसमोर उंच केला. "चिंचवडचा चॅम्पियन म्हनून मी लई मिरवलो. खरा चॅम्पियन गल्ल्यावर बसला हुता, राव!" यशोदाबाई हसता हसता डोळे पुसत राहिल्या, आणि पडद्यावर त्यांचा गडी दिमाखात उभा होता. एवढा आनंद मला चिंचवडातही कधी झाला नव्हता.

आता दर रविवारी माझ्यासमोर बायकांचीच रांग मोठी असते. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू मोडीत काढायची वेळ आली, तर आधी तिच्यावरची धूळ पुसा, तिची एखादी सैल वायर घट्ट करून बघा. आणि घरात सगळ्यांना विचारा, कुणाचा नंबर लागायचा राहून गेला आहे का? एखादा हात कदाचित अजून वाट बघत असेल. चऱ्होलीला आलात तर मलाही भेटा. उजवा मोजा जरा घट्ट बसतो. रेटून हात घाला, मी काही म्हणणार नाही.