अंजिरी लुगड्याची गोधडी

नव्याण्णव सालचा वैशाख. महाळुंग्याच्या वस्तीवर असं ऊन उतरलं होतं, की कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून निंबाखाली पडल्या होत्या. अशा उन्हात जानकाबाईच्या ओसरीवर गोधडी शिवणं चाललं होतं. एका कडेला म्हातारी, दुसऱ्या कडेला थोरली सून कल्याणी. गोधडी मात्र धाकटीची. धाकटी ज्योत्स्ना पौर्णिमेला बिऱ्हाड घेऊन जुन्नरला निघायची होती. तिच्या नवऱ्याला, राजरत्नला, तिथल्या कचेरीत कारकुनी लागली होती.

आत ज्योत्स्ना पितळी पिंपात भांडी भरत होती. एकेक वाटी खणकली, की बाहेर कल्याणीच्या छातीत खणकायचं.

"अक्का, तिथं घरातच नळ हाय म्हणं," ज्योत्स्ना आतून म्हणाली. "मोरीत हात लांबवला की पाणी!"

"मग काय, हंड्याला इचारतंय कोण आता," कल्याणी म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

नळाचं तिला काही वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं. पण ते गिळण्यासारखं होतं. गिळवत नव्हतं ते लुगडं. गोधडीच्या वरच्या अंगाला जानकाबाईनं आपलं अंजिरी लुगडं घातलं होतं, हिरव्या काठाचं. चौदा वर्षांमागं हेच लुगडं नेसून ती नव्या सुनेला घ्यायला दारात उभी राहिली होती. मान खाली घातलेल्या कल्याणीनं या घरातलं पहिलं काही पाहिलं असेल, तर ते सासूचं तोंड नव्हे, हा हिरवा काठ. तेव्हापासून पेटीतलं ते लुगडं तिनं मनानं आपलं धरलं होतं. मागितलं कधी नाही. मागून घ्यायचं ते आपलं कसलं?

आणि आता म्हातारी टाक्याटाक्याला गुणगुणत होती,

*जुन्नरच्या गं वाटंला, ऊन लागंल पायाला*
*माझ्या धाकल्या सुनंचं, फूल जपावं छायेला*

धाकटी फूल. थोरली मग कोण? दगड. दगडाला कुठं ऊन लागतंय!

त्या दुपारी कल्याणीच्या हातून एक टाका लांब पडला. पहिला पडला, दुसरा तिनं घातला. तांदळाच्या दाण्याएवढा टाका ही तिची साऱ्या वस्तीत ख्याती. आता एकेक टाका बोटाच्या पेराएवढा जाऊ लागला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला कुठलं दिसायला? कल्याणीनं हिशेब बांधला: पावसाळ्यात ओढाताण होईल, दोरे तुटतील, थंडीपर्यंत आतल्या चिंध्यांचे गोळे होतील. तिकडं जुन्नरात. नळाच्या घरात. तीन दिवस ती अशी शिवत राहिली, आणि तीन दिवस तिला भाकर गोड लागली.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ज्योत्स्नानं धुतल्या पातळात गुंडाळून जवळ ठेवली, नव्या घरात पहिलं पाऊल तिचं म्हणून. सावळेरामचा टेम्पो निंबाखाली लागला. काल बाजारात कांदा टाकून आलेला, अजून वास मारत होता. पिंप चढलं, खाट चढली, ट्रंका चढल्या. आणि वस्तीच्या रिवाजाप्रमाणं जाणारीची गोधडी ओसरीवर पसरली. बायांनी यायचं, टाक्यांवरून हात फिरवायचा, मगच घडी घालायची.

शेजारच्या प्रयागबाईनं हात फिरवला आणि थांबली.

"अगं बया! टाकं हायेत का बेडकाच्या उड्या? ही बाजू कुणाची?"

कल्याणीच्या तोंडचं पाणी पळालं. जानकाबाई पुढं झाली. तिनं तळवा ठेवला, बोटं टाक्यांवरून चालवली. मध्येच बोट थांबलं. पुन्हा चाललं. डोळे गेले होते. बोटं गेली नव्हती.

"माझी," ती म्हणाली. "थोरलीची ती पल्याडची."

"तरीच! कल्याणीचा हात असा न्हाई. म्हातारे, आता सुई ठिव आन् नातवंडं राख!"

बाया हसल्या. साऱ्या वस्तीच्या गोधड्या शिवलेली जानकाबाईही त्यांच्यात हसली. कल्याणीनं मान खाली घातली. गप्प राहिली असती तर निभावलं होतं.

पण ज्योत्स्ना पुढं आली आणि तिनं नेमकी तीच बाजू छातीशी धरली. "हसू नका गं. आत्यांच्या हातची हाय, मला अशीच पायजे. तिथं एक टाका बदलायची न्हाई मी."

कल्याणीला ते सोसवेना. म्हणजे आपले वाईट टाकेसुद्धा सासूच्या नावानं हिच्या छातीशी!

"त्यांचे न्हाईत ते," ती ओरडली. "माझे हायेत!"

टेम्पोवर दोरखंड आवळणारा सावळेरामही थांबला.

"तुमचे? आन् असे?" ज्योत्स्नाला कळेना. "मुद्दाम, अक्का?"

"मुद्दाम."

"मी काय केलं तुमचं?"

"ते लुगडं माझ्या लग्नातलं हाय."

ज्योत्स्ना सासूकडं पाहू लागली. जानकाबाई सावकाश म्हणाली, "जाणारीला बांधून द्यावं लागतंय, पोरी. तू तर माझ्यापाशीच हाईस."

"तुमच्यापाशी हाय म्हून मला थंडी वाजत न्हाई का?"

"वैनी, इथं डोस्कं तापलंय उन्हानं, आन् तुमी थंडीचं काय काढलं!" सावळेराम म्हणाला. कुणी हसलं नाही.

ज्योत्स्नानं गोधडी पुढं केली. "घ्या अक्का. तुमचंच हाय."

"घेऊ?" कल्याणीनं खरंच विचारलं.

ज्योत्स्नाचं तोंड उतरलं. ते उतरलेलं पाहून कल्याणीला चौदा वर्षांत मिळाला नव्हता एवढा गारवा वाटला, आणि लगेच त्या गारव्याची लाजही वाटली.

"तुझीच हाय," ती म्हणाली. "पण अशी जायची न्हाई. उसवून पुन्हा भरते. दिवाळीला मी सवता आणून देईन."

"उसवायला दिवाळी?" जानकाबाई म्हणाली.

"लागत्यात दिस."

म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला.

टेम्पो धुरळा उडवत गेला. बाया आपापल्या घरी पांगल्या. म्हातारी आत जाऊन आडवी झाली. कल्याणी पातं घेऊन ओसरीवर बसली, एक दोरा कापला, दुसरा कापला. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. भर वैशाखात, ऐन दुपारी तिनं ती गोधडी डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतली. घामानं चिंब झाली. काढली मात्र नाही.