आभाळ धर

सुतारकाका गेले तेव्हा घरात एक फुली राहिली. पुढच्या खोलीच्या लाकडी तुळईवर, काकूंच्या शिलाई मशीनच्या बरोबर वर, पेन्सिलीने मारलेली. तिथे भोक पाडून हूक बसवायचा आणि हुकाला दिवा टांगायचा, म्हणजे सुईत दोरा ओवताना काकूंना डोळे बारीक करावे लागणार नाहीत, असा बेत होता. काकांनी स्टुलावर चढून फुली मारली, ड्रिल उचललं, बटण दाबलं, आणि ड्रिलने एक ठिणगी, थोडा धूर आणि जळका वास एवढं देऊन मान टाकली. "उद्या बघू," म्हणत काका खाली उतरले. सुताराचा उद्या म्हणजे काय असतो ते त्याच्या गिऱ्हाइकाला विचारावं. तो यायच्या आधीच काका आजारी पडले, आणि मग उद्याचा विषयच संपला.

फुली मात्र होती तिथेच. काकू शिवायला बसल्या की मान वर न करताही ती त्यांना दिसायची.

मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात. त्याचा फोन नेमाने यायचा आणि फुलीचा विषयही नेमाने निघायचा.

"आई, एखाद्या इलेक्ट्रिशियनला बोलाव ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"घरात मशीन असताना माणूस कशाला बोलवायचा?"

"ते भंगार झालंय गं. मी नवीन पाठवतो. बॅटरीवालं. वजनाला हलकं, वायर नाही, आवाज नाही."

"आवाज नाही तर त्याला घरात आणून करायचं काय?"

मुलगा हसला. त्याला वाटलं, आईने विनोद केला.

त्या ड्रिलला घरात ड्रिल कोणी म्हणत नसे. तो म्हातारा. सगळं अंग धातूचं, हातात घेतला तर मनगट मोडेल असा जड, आणि सुरू होताना दोनदा खोकल्याशिवाय फिरायचा नाही. काकांना तो त्यांच्या उस्तादांकडून मिळाला होता. उस्तादांचे हात थकले तेव्हा त्यांनी तो काकांच्या हवाली केला आणि "याला आराम देऊ नकोस" एवढंच सांगितलं, असं काका सांगत. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं.

लग्न झाल्यावर काकू हाताखाली उभ्या राहायला लागल्या. पहिल्याच दिवशी स्टुलावरून काकांनी हात खाली केला आणि म्हणाले, "सासू दे." नवी नवरी घाबरून स्वयंपाकघराकडे बघायला लागली. सासू म्हणजे पक्कड, कारण एकदा धरलं की सोडत नाही. आखूड, जाड पेचकस तो नकट्या. ड्रिलचं तोंड आवळायची छोटी किल्ली तो जावई. कारण ऐन कामाच्या वेळी तो रुसून बसणार आणि सगळ्या घराने त्याला शोधत फिरायचं. म्हणून जावई म्हाताऱ्याच्या वायरीलाच सुतळीने बांधून ठेवलेला असे. "ही आपली घरातली भाषा," काका म्हणाले होते. "बाहेर बोलायची नाही." काकूंना ते फार आवडलं होतं. कुणाच्या नवऱ्याने बायकोला दागिना दिला असेल, कुणी लुगडं. यांनी एक अख्खी भाषा दिली.

आणि या सगळ्यांत काकूंचं लाडकं म्हणजे आभाळ. एक जुनी छत्री होती, दांडा मोडलेली. उंचावर भोक पाडायचं असलं की काका वरून म्हणत, "आभाळ धर." मग काकू ती छत्री उघडून, उलटी करून, तिचं टोक मुठीत पकडून वर धरत. पडलेला सगळा भुसा छत्रीत. ना डोळ्यांत, ना जमिनीवर. काम संपलं की काका खाली उतरून छत्रीत डोकावत आणि म्हणत, "पाऊस चांगला झाला गं." दर वेळी तेच, आणि काकू दर वेळी हसत. तो विनोद काही फार मोठा नव्हता, पण इतकी वर्षं टिकला म्हणजे त्यात दम असणारच.

आता भिंतीवर सासू होती, नकट्या होता, खुंटीला आभाळ होतं. हाक मारणारा नव्हता. काकूंना कधीकधी दुपारी, काही कारण नसताना, भिंतीकडे बघून ती नावं मनातल्या मनात म्हणून पाहावीशी वाटत. आपण गेलो की हे शब्दही गेले, या विचाराने त्यांना एकदा भर दुपारी थंडी वाजून आली.

अखेर एका सकाळी त्यांनी जेवायच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि म्हाताऱ्याला वर घेतला. एवढी वर्षं हाताखाली काढलेली, बघून बघून बरंच येत होतं. नकट्याने पेच सोडवले. आत काळा, वाळलेला ग्रीसचा थर. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला, खाचांमधला भुसा जुन्या टूथब्रशने घासला. भुशाचा वास अजून ताजा होता. काकूंनी तो टाकला नाही, एका वाटीत काढून ठेवला. का ठेवला ते विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

आतल्या मोटरला वीज पोचवणारे दोन्ही बाजूंचे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. आणि जावई बेपत्ता. वायरीला नुसती सुतळी लोंबत होती, टोकाला रिकामी गाठ.

हार्डवेअरच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती. काकूंनी झिजलेले कार्बन नमुन्याला काउंटरवर ठेवले, आणि विक्रेत्याने "आणखी काय?" म्हणून घाई केली तशा त्या बोलून गेल्या, "आणि एक जावई द्या."

विक्रेत्याने मान वर करून पाहिलं. मग तो म्हणाला, "काकू, जावई इथे नाही मिळत. वधूवर मंडळ पुढच्या चौकात." सगळं दुकान हसलं. वाईट हसणं नव्हतं, पण काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या किल्लीला लोक काय म्हणतात ते आठवायला गेल्या, तर आठवेना. आठवेल कुठून, त्यांना ते ठाऊकच नव्हतं. बोटांनी खुणा करून सांगायचं सोडून त्या नुसते नवे कार्बन घेऊन बाहेर पडल्या. घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. जगात ही भाषा बोलणारी दोनच माणसं होती, आणि आता आपण एकट्याच उरलो. एकट्या माणसाची ती भाषा कसली? ती नुसती बडबड.

नवे कार्बन घालूनही म्हातारा हलला नाही. तेव्हा काकूंनी त्याला पिशवीत घातला आणि विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे नेला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, म्हणजे एक खोली आणि जळक्या वार्निशचा वास. सगळीकडे तांब्याच्या तारेची भेंडोळी. मोटारवाला काकांच्याच वयाचा, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने म्हातारा उघडला, आतलं आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता गाभा, उजेडात फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"जळलंय काकू. सगळी तार काढून नव्याने भरावी लागेल. एवढ्या खटाटोपात नवीन येईल. मुलाला सांगा, घेऊन देईल."

"मुलगा घेऊनच देतोय. मला हाच पाहिजे."

"तुमची मर्जी," म्हणत त्याने वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता त्याच्या हाताला ती सुतळी लागली. तो थांबला. भिंग कपाळावर सरकवून त्याने रिकामी गाठ बोटांत धरली, आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलला, "आणि याचा जावई कुठे गेला?"

काकूंनी काउंटरची कड पकडली.

"काय म्हणालात?"

"काही नाही, आमचं एक जुनं..." त्याने म्हातारा पुन्हा उचलला, मुठीवरची झीज निरखली, आणि त्याचा चेहरा पालटला. "हा उस्तादांचा! दोनदा खोकतो ना हा? हा तर शेपटाला दिला होता उस्तादांनी!"

"कोण शेपूट?"

"उस्तादांच्या हाताखाली आम्ही चार पोरं, त्यातला सगळ्यात लहान. उस्ताद जातील तिथे मागे मागे. मला तार आवडली, मी मोटारींकडे वळलो. तो लाकडातच राहिला." मग त्याने काकूंकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही... वहिनी. बसा, बसा वहिनी. कसा आहे तो?"

काकूंनी सांगितलं. मोटारवाल्याने कपाळावरचं भिंग काढून बाजूला ठेवलं.

खरं तर काकूंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना राग आला. मेलेल्या माणसावर आला, म्हणून आणखी आला. इतकी वर्षं आपण समजत होतो, हे शब्द आपल्यासाठी घडवले. आणि हे तर उस्तादांच्या दुकानातले, चार पोरांच्या तोंडून फिरून आलेले. जुना म्हातारा तशी जुनी भाषा. स्वतःचं असं काही दिलंच नाही का या माणसाने?

"सासू म्हणजे?" त्यांनी परीक्षा घ्यावी तसं विचारलं.

"पक्कड," मोटारवाला हसला. "गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून उस्तादांनी पाडलेली नावं. नकट्या, जावई... शेपटाने तुम्हाला शिकवली?"

"घरात तेच बोलायचो."

"कमाल आहे." तो आता हसत नव्हता. "मी माझ्या बायकोला नाही शिकवली. उस्तादांची सक्त ताकीद होती. ही नावं घरच्यांना नाही, दारच्यांना नाही. ज्याच्या भरवशावर स्टुलावर चढायचं, फक्त त्याला सांगायची."

 काकूंचा राग जसा आला तसा ओसरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा सोसायला अवघड होतं. आपण बायको म्हणून खाली उभ्या आहोत असं त्यांना वाटत होतं. काका त्यांना कामातला जोडीदार समजत होते, आणि हे त्यांनी कधी साध्या मराठीत सांगितलं नाही.

उठता उठता त्यांनी सहज म्हणून विचारलं, "आणि आभाळ?"

"आभाळ?" मोटारवाल्याने आठवून पाहिलं. "नाही बुवा. हे आमच्यात नव्हतं. म्हणजे काय?"

काकू थांबल्या. सांगावं असं ओठांवर आलं होतं. मग म्हणाल्या, "तसं काही नाही. घरातलं आहे."

तार भरून झाल्यावर मोटारवाल्याने म्हातारा चालू करून दाखवला. तो दोनदा खोकला आणि फिरला. "खोकला मुद्दामच ठेवलाय," तो म्हणाला. आपल्या खणातली एक जुनी किल्ली काढून त्याने सुतळीला बांधली. "हा दुसरा जावई. आणि वहिनी, उंचावरचं काम आहे म्हणता. एकट्याने करू नका, मी येतो. खाली कुणीतरी उभं पाहिजे."

बोलणं मायेचं होतं, आणि रास्तही होतं. नाही म्हणायला काकूंपाशी काहीच कारण नव्हतं. पण डोळ्यांपुढे आलं ते एवढंच की हा माणूस खाली उभा राहील, आणि आपल्याला खुंटीवरची छत्री काढून त्याच्या हातात द्यावी लागेल. ते त्यांच्या जिवावर आलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "उद्या."

घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं. शिलाई मशीन बाजूला सरकवलं, फुलीखाली स्टूल ठेवलं. छत्री काढली, उघडली, उलटी केली. खुर्चीच्या पाठीला तिचं टोक बांधून पाहिलं, ती कलंडली. भरतकामाच्या डब्यात रोवून पाहिली, तेही जमेना. एका हाताने म्हातारा आणि दुसऱ्या हाताने आभाळ, हे तर होणारच नव्हतं. म्हाताऱ्यालाच दोन्ही हात लागत होते. शेवटी त्यांनी छत्री स्टुलाच्या पायाशी उघडीच ठेवली आणि वर चढल्या.

ड्रिलचं टोक फुलीच्या बरोबर मध्यावर टेकवलं. पेन्सिलीची रेघ जवळून पाहिली तर एक बाजू जरा जास्त दाबलेली होती. काका नेहमी तसंच मारायचे. काकूंनी बटणावर बोट ठेवलं आणि थांबल्या. कामाच्या आधी काहीतरी राहून जातंय असं वाटत होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"आभाळ धर," त्या मोठ्याने म्हणाल्या.

खाली कुणी हललं नाही. म्हातारा दोनदा खोकला आणि आत शिरला. सगळी खोली त्या आवाजाने भरली, खिडकीची तावदानं थरथरली, आणि तेवढा वेळ हे घर पूर्वी होतं तसं होतं. भुसा त्यांच्या कपाळावर पडला, केसांत पडला, पापण्यांवर साचला, ओठांना लागला. त्यांनी तोंड बाजूला केलं नाही. भोक पुरतं पडल्यावरच बटण सोडलं.

मग त्या एकेक पाय सांभाळत खाली उतरल्या आणि सवयीने छत्रीत डोकावल्या. छत्री रिकामी होती.

"पाऊस चांगला झाला गं," काकू म्हणाल्या. आणि हसायचंही त्यांनाच होतं, म्हणून थोडं हसल्या.