नाचरा पोपट

रुग्णालयातले संगणक सांभाळणाऱ्याला सगळे बटणराव म्हणत. कसलीही अडचण सांगा, "बंद करून चालू करा" हे त्याचं एकच औषध!

त्या संगणकांत एक भोक होतं. साध्यातल्या साध्या कर्मचाऱ्याने छपाईच्या प्रोग्रामला एक ठरावीक आज्ञा दिली, की संगणक त्याला थेट मालक समजायचा. मग काहीही बसवा, काहीही पुसा. भोक बुजवणारी दुरुस्ती कंपनीने कधीच पाठवली होती. बटणरावाने ती लावली नाही. उलट ती आज्ञा त्यानेच सगळ्यांना शिकवली. नाहीतर घड्याळ मागे पडलं, अक्षरं बारीक झाली, की जो तो परवानगी मागायला त्याच्याच उरावर!

त्याची ताई तिथेच परिचारिका होती. ती म्हणाली, "अरे, औषधांच्या कपाटाची किल्ली मी कपाटालाच लटकवून ठेवली तर?"

"ताई, बाहेरचं कोण येतंय गं? सगळी आपलीच माणसं."

"आणि आपल्या माणसांच्या मागून काय आत शिरेल, ते?"

शिरला तो पोपट! हिशेबनीसाने इंटरनेटवर कुठूनतरी पडद्यावर नाचणारा पोपट उतरवून घेतला आणि शिकवल्याप्रमाणे मालक होऊन बसवला. झालं, पोपटही मालक! सोमवारी सकाळी तो प्रत्येक पडद्यावर नाचत होता आणि रुग्णांचे जुने एक्स-रे फोटो सगळे पुसले गेले होते. राखीव प्रतीसुद्धा. मालकाला कोण अडवणार?

नेमकी त्याच सकाळी या भावंडांच्या आईची तपासणी होती. फुप्फुसाचा नवा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे. मागच्या वर्षीचा फोटो लावा. तेवढीच असेल तर हात लावायला नको. वाढली असेल तर कापावी लागेल, आणि या वयात..."

बटणरावाने जुना फोटो मागितला. पडद्यावर पोपटाने गिरकी घेतली.

"अगंबाई!" आई म्हणाली. "हा माझ्या आत आहे होय रे?"

ताई दबक्या आवाजात म्हणाली, "कर ना आता. बंद करून चालू कर!"

दुपारी त्याने दुरुस्ती लावली. कपातला चहा निवायच्या आत भोक बुजलं. एवढंच तर काम होतं!

हिशेबनीस दारात आला. "बटणराव, घड्याळ पुढे गेलंय, आणि ती आज्ञा चालेना."

"आता चालणार नाही. मला बोलवत जा. दहादा बोलवा, दहादा येईन."

वाचकहो, कटकट नको म्हणून उघडं ठेवलेलं दार फक्त आपल्या माणसांसाठी उघडं राहत नाही. ते वेळेवर लावा. नंतर लावलं तरी गेलेलं परत येत नाही.

पलीकडच्या खोलीत डॉक्टर आईच्या शस्त्रक्रियेचं ठरवत होते. अंदाजाने.