नेम जिभेचा, नाकाचा नाही

दारूच्या दुकानाचं काचेचं दार ढकलण्याआधी सूनबाईने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, ‘देवा, बघतोच आहेस तर नीट बघ. मी माझ्यासाठी चाललेली नाही.’

“वहिनी, दरोडा घालायचा नाहीये, बाटली घ्यायचीय,” मागून नणंद म्हणाली. “असं तोंड करून आत गेलीस तर दुकानवाली पोलिसांना बोलवेल.”

नणंदेचं काय जातंय हसायला! ती कुणाच्या वाढदिवसाला दोन घोट घेणारी. सूनबाई पहाटे दिवा लावून, जप करून मगच पाणी पिणारी. आणि दारूचा थेंब जिभेला लावायचा नाही, हा नेम तर तिने लग्नाच्या आधीपासून धरलेला. पण आज छातीत जी धडधड चालली होती, ती भीतीची कमी आणि हुरुपाची जास्त होती. शाळेच्या सहलीच्या सकाळी व्हायची ना, अगदी तशी.

घरची लाकडाच्या भट्टीची बेकरी. पाव भाजला की नाही हे सासऱ्यांनी कधी घड्याळात पाहिलं नाही. भट्टीसमोर पाठ करून उभे राहायचे, गप्पा मारायचे आणि मध्येच म्हणायचे, “काढा!” पावाच्या पाठीचा रंग तेव्हा नेमका बदामी झालेला असायचा. सगळा कारभार नाकावर. मग हिवाळ्यात ताप आला, ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. एकदा भट्टीभर पाव करपला, सगळी गल्ली खोकायला लागली, आणि मामंजी भट्टीसमोर उभे राहून गवंड्याला पावसाळ्यातल्या गळतीची गोष्ट सांगत होते. त्यांना पत्ताच नाही.

तेव्हापासून ते भट्टीच्या खोलीत पाऊल टाकेनात. डॉक्टरांनी सांगितलं, निरनिराळे वास देऊन पाहा, कधीकधी परत येतं. लिंबू झालं, लवंग झाली, साबण झाला. नाक ढिम्म. शेवटी मामंजींनी फर्मान काढलं, “ज्याला वास येत नाही त्याने भट्टी चालवू नये. विजेची आणू. गवंडी उद्या येईल आणि ही पाडेल.” मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझा एक बोटीवरचा दोस्त होता. तो सांगायचा, एक व्हिस्की असते, तिच्यात धूर असतो. मी आयुष्यात कधी घेतली नाही. पण जन्मभर धूर नाकाने घेतला. आता नाकाने भेटत नाही, तर एकदा घशाने तरी भेटू दे. भट्टी पाडण्याआधी.”

डॉक्टरांनी घोटभराला हरकत घेतली नाही. आणि सूनबाईच्या मनात एक वेडी आशा उगवली. घशातून गेलेला धूर नाकात चढला तर?

दुकान आतून एखाद्या औषधांच्या दुकानासारखं लख्ख होतं. दुकानवाली बाई चष्मा कपाळावर चढवून खोकी फोडत होती. सूनबाईने एका दमात सांगितलं, “धुराची व्हिस्की हवी. सगळ्यात जहाल असेल ती द्या. पिणाऱ्याचं नाक बंद आहे आणि त्यांनी आजवर कधी घेतलेली नाही.”

“पहिल्यांदाच? आणि जहाल?” बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. “का बरं ताई, सूड उगवायचाय?”

नणंद खुदकन हसली. सूनबाईने मात्र मान वर केली. “बंद दार आहे. जोरात ठोठावायला नको?”

“जोरात ठोठावलं की आतला माणूस दुसरी कडी लावतो,” बाई म्हणाली. तिने फळीवरून उघड्या बाटल्या काढल्या आणि फुगीर पोटाच्या, तोंडाला निमुळत्या पेल्यांमध्ये थोडी थोडी ओतली. “ही दारू जवाची. जव भिजवून मोड आणतात आणि वाळवताना खाली एक प्रकारची दलदलीतली सुकी माती जाळतात. धूर जितका वेळ दिला तितका मुरतो. घ्या, चाखा.”

“माझा नेम आहे. मी चाखत नाही.”

“मग निवडणार कशी?”

सूनबाई क्षणभर गोंधळली. मग तिचे डोळे चमकले. “नेम जिभेचा आहे. नाकाचा नाही.”

“नाक थोडं लांब धरा, तोंड जरासं उघडं ठेवा,” बाई हसत म्हणाली.

पहिला पेला सगळ्यात जहाल. नाक जवळ नेलं मात्र, सूनबाई दोन पावलं मागे सरली. डांबर, जखमेवर लावायचं औषध, दवाखान्याचा लांबलचक बोळ! मामंजी त्या बोळातून जेमतेम घरी आले होते. “नको, नको. हे त्यांना पुन्हा खाटेवर नेऊन झोपवेल.”

दुसऱ्यात सुकामेवा होता, पाक होता. पण धूर शोधायला कंदील हवा.

तिसरा पेला तिने धरला आणि डोळे मिटले. आधी मधासारखं काही आलं. मग पिकलेलं सफरचंद. मग, कुणी हळूच मागच्या दाराने यावं तसा, धूर. पेटत्या लाकडाचा नव्हे. रात्री भट्टी विझवायची, सकाळी तिचं लोखंडी दार उघडायचं, तेव्हा राखेतून जो कोमट, शहाणा धूर बाहेर येतो, तो.

“हीच!” ती इतक्या जोरात ओरडली की नणंदेच्या हातातला मोबाईल पडला.

“सुरुवातीला हीच द्यावी,” बाईने बाटली कागदात गुंडाळली. “थोडं पाणी घाला म्हणजे वास मोकळा होतो. आणि एक लक्षात ठेवा, पेला गरम करू नका. नुसतं स्पिरिट उडून नाकात जातं.” वर तिने तसाच एक पेलाही बांधून दिला.

वाटेत नणंद गाडी चालवत होती आणि सूनबाई बाटली बाळासारखी मांडीवर धरून घोकत होती : थोडं पाणी, गरम नाही. थोडं पाणी, गरम नाही.

मामंजींना भट्टीच्या खोलीत आणायला बरीच मनधरणी करावी लागली. आले, आणि पाहुण्यासारखे स्टुलावर अवघडून बसले. भट्टी सकाळीच विझवली होती, पण विटा अजून ऊब धरून होत्या. सूनबाईने पेल्यात व्हिस्की ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि नणंदेला बशी आणायला सांगायला वळली. वळता वळता हाताने आपलं रोजचं काम केलं. यीस्टची वाटी जिथे ऊब घ्यायला ठेवतात, त्या भट्टीच्या तोंडाजवळच्या कट्ट्यावर पेला ठेवून दिला.

बशी सापडेना. सापडली तेव्हा मामंजींनी पेला उचललेला होता.

“अगं बाई! मामंजी, थांबा!”

उशीर झाला होता. त्यांनी पेल्यात नाक खुपसलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पेला त्यांनी कट्ट्यावर ठेवला आणि हाताने नको म्हटलं. सूनबाईला वाटलं, भट्टीतच शिरून दार लावून घ्यावं. एवढं घोकलं आणि हाताने घात केला!

“पेला उबेला ठेवलास होय?” नणंद कुजबुजली. “वहिनी, तू तर त्याला पाव समजलीस.”

कुणीच हसलं नाही. पेला कट्ट्यावर तसाच राहिला. तिखट वाफ हळूहळू उडून गेली. मामंजी डोळे पुसत होते. पुसता पुसता थांबले. मान वर केली.

“ओलं लाकूड कोणी घातलं?” ते खेकसले. “किती वेळा सांगितलंय, ओलं लाकूड घालू नका म्हणून!”

“मामंजी,” सूनबाई हळूच म्हणाली, “भट्टी विझलीये.”

मामंजींनी भट्टीच्या तोंडाशी जाऊन हुंगलं. मान हलवली. काही नाही. मग कट्ट्यावरच्या पेल्यावर वाकले, या वेळी लांबून, तोंड जरासं उघडं ठेवून. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“बारीक आहे,” ते म्हणाले. “दाराच्या फटीतून यावा तसा. पण आहे. अगं, आहे!”

मग त्यांनी घोट घेतला, गिळला, आणि चेहरा असा काही केला की नणंदेला हसू आवरेना. “चटका बसतो गं! पण मागून गोड लागते. बोटीवाला खोटं बोलत नव्हता.”

“बाबा, गवंड्याला काय सांगू?” नणंदेने विचारलं.

“ये म्हणावं. भट्टीच्या तोंडाची वीट निखळलीये, ती बसवायची आहे.” मग सुनेकडे वळले. “पाव भाजताना तू माझ्या शेजारी उभी राहायचं. माझं नाक पुन्हा शाळा शिकून येईपर्यंत तुझं नाक चालवू.”

सूनबाईने मान डोलावली आणि डोळ्यांना पदर लावला.

मामंजींनी रिकामा पेला तिच्यापुढे धरला. “घे, तूही हुंग. नेम मोडत नाही ना?”

“छे,” ती म्हणाली, आणि पेला दोन्ही हातांत धरून तिने असा भरभरून श्वास घेतला की नणंद ओरडली, “वहिनी, पुरे! चढेल!”