शिवडीच्या उतारावरची ब्रेकची गादी

"तुला सभेची घाई होती लवू, म्हणून नट अर्धेच पिळलेस," मालन म्हणत होती, आणि लवू मान खाली घालून तेच नट पान्याने सोडवत होता. त्या नटांच्या आत मी होते. मी ब्रेकची गादी बोलतेय. त्या दिवशी बोलत सगळेच होते. झालं काय, ते ठाऊक होतं एका मलाच.

शिवडीच्या बंदरात नादुरुस्त होड्या वर ओढायची आणि बऱ्या झाल्या की उतारावरून पाण्यात सोडायची एक चारचाकी ट्रॉली आहे. तिच्या मागच्या चाकाला भाकरीच्या तव्याएवढी लोखंडी तबकडी लावलेली. तिला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी जोडीदारीण. दांडा आवळला की आम्ही तबकडीला चावून धरायचं, की होडी जागच्या जागी उभी. आमच्या अंगी गुण एकच, कोरडं आणि खरखरीत असणं. जग गुळगुळीतपणाला भुलतं. आम्हाला तो चालत नाही.

माझा जन्म करी रोडचा. लवू तिथल्या गिरणीत फिटर. टाकून दिलेला चामडी पट्टा त्याने कापला, लोखंडी पत्रीवर ठोकला आणि मला घडवलं. ब्रेकची ही सगळी करामतही त्याचीच, दोस्तासाठी केलेली. दोस्त म्हणजे दत्ताराम. होड्यांचा सुतार, मालनचा नवरा, सुंदराबाईंचा एकुलता लेक. वर्षभरात गाद्या झिजून पापडासारख्या व्हायच्या. मग लवू नव्या आणून बसवायचा आणि मालनच्या हातची सुक्या बांगड्याची चटणी खाऊन जायचा.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला बसवलं. सभेला निघायची घाई त्याला होती, खोटं कशाला सांगू. पण नट त्याने पुरे पिळले, वर दोनदा हिसडा देऊन पाहिला. दत्तारामने रिकामी ट्रॉली उतारावर सोडली आणि आम्ही ती धरून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दोघेही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेले. हत्यारांची पूजा दरवर्षी दत्ताराम करायचा. यंदा निघता निघता म्हणाला, "आई, तेवढी पूजा तू कर गो." पुढचं एक वाक्य घाईत राहून गेलं. गाद्यांना नुसतं फूल वाहा, एवढंच ते होतं.

सुंदराबाईंनी करवत पुसली, पटाशा पुसल्या, एकेकाला तेल लावून कुंकू वाहिलं. शेवटी माझ्यापाशी आल्या. बोटाने चाचपलं. "नवीन आलीस, आणि एवढी कोरडी?" म्हणाल्या, आणि नव्या सुनेच्या टाळूवर थापावं तसं वाटीतलं खोबरेल माझ्या अंगावर थापलं, कडेला कुंकू लावलं. जोडीदारणीलाही तेच. मी पडले चामडं. सगळं पिऊन बसले. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. जन्मभर घासून घ्यायला आलेलीला तेल लावतंय कोण?

दसरा झाला. एकादशीला सकाळी एक होडी पाण्यात सोडायची होती. दत्ताराम नेहमीसारखा पुढे, चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवत. उताराच्या मध्यावर मागच्या माणसाने दांडा आवळला. मी चावले. पकडच बसेना. सगळा जीव एकवटला, तरी तबकडी ओल्या साबणासारखी निसटत राहिली. होडीचं वजन पुढे सुटलं. दत्तारामने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नवलाने.

दत्तारामचं दिवसकार्य उरकलं आणि नाना मुकादमांनी लवूला बोलावणं धाडलं. बंदरावर त्यांचा शब्द चालतो. सगळ्यांदेखत ब्रेक उघड म्हणाले. काम कच्चं निघालं तर या बंदरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. लवू नट सोडवत होता आणि मालन त्याला सोडत नव्हती.

"मुंबई आणणार होतात ना दोघे? माझा माणूस आण आधी."

लवूने मला बाहेर काढलं. तळहातावर घेतलं, नाकाशी धरलं, आणि त्याचा हात थांबला. ग्रीसचा वास त्याला पाठ होता. हा वास देवघरातला होता. माझ्या कडेला कुंकवाची बारीक रेघ चिकटून राहिली होती. त्याने ती अंगठ्याने हळूच पुसली. शेडच्या दाराशी बसलेल्या सुंदराबाईंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"नट सैल राहिले होते," तो म्हणाला. "चूक माझी."

नाना म्हणाले, मग झालं तर, चालू लाग. मालनला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

आज मी त्याच शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. तेल प्यालेलं चामडं पुन्हा ब्रेकच्या कामाचं नाही. माझं एकच मागणं आहे. पूजा करा, फुलं वाहा, पण घासायला जन्मलेलीला कोरडी राहू द्या. आणि त्या म्हातारीला बोल लावू नका. मला आयुष्यात कुणी गोंजारलं असेल, तर ते तिनेच.

भांडण मिटलं कसं, ते सांगायचं राहिलं.

लवू पाना ठेवून निघाला, तशा सुंदराबाई उठल्या. वाटेत आडव्या आल्या. मला त्याच्या हातातून घेतलं, वास घेतला. मग त्याचा हात उलटा करून अंगठ्यावरचा लाल डाग बघत राहिल्या. तो डाग त्यांनी पदराने पुसला, माझ्यावरून हात फिरवला, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या,

"मालन, ह्याचा नट कधी सैल राहत नाही, तेल मी लावलं होतं."