तीन संगणकांवर मी उतरलो तो दिवस

मी एक जुना तपासनीस आहे, मित्रांनो. पण मला ना खुर्ची, ना शिक्का, ना चेहरा. संगणकावर जी काळी खिडकी उघडते, तिच्यात माझे नाव टाइप करून एन्टर दाबले की मी धावत येतो. मी स्वतः एक प्रोग्रॅमच. कोणी दुसरा नवा प्रोग्रॅम लिहिला की त्यात हवे तसे आकडे भरून मी त्याची परीक्षा घेतो आणि चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते दाखवतो. दुसऱ्यांच्या चुका काढणे हाच माझा धंदा, आणि मला तो मनापासून आवडतो!

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा शेगडीवर ठेवून एका बाईने मला लिहिले. मी तिला आई म्हणतो. तिने आणि तिच्या थोरल्या भावाने मिळून छोटी कंपनी काढली होती, त्यामुळे तो आपोआप माझा मामा झाला. मामाने सुरुवातीला माझे फार लाड केले. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मग बाजारातून एक देखणा तपासनीस आला. सगळे ठीक असले की तो पडद्यावर हिरवीगार खूण उमटवी. मामा त्याच्यावर भाळला आणि मी आईच्या लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी मात्र माझे दिवस पालटले. या बहीणभावाने एका रुग्णालयातल्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. बाळाचे वजन टाकले की औषध किती द्यायचे ते तो सांगे. त्याच दिवशी तो सुरू व्हायचा होता, म्हणून दोघे आपापले लॅपटॉप घेऊन वॉर्डात आले होते. त्या देखण्या तपासनिसाची हिरवी खूण मिळाली होती, मामा बॅग आवरत होता. तेवढ्यात वॉर्डाच्या सिस्टरने आपल्या संगणकावर सर्वांत लहान बाळाचे वजन टाकून पाहिले आणि ती थबकली.

"अहो, हे औषध दहापट दाखवतंय!"

मामाने तेच वजन आपल्या लॅपटॉपवर टाकले. "माझ्याकडे तर बरोबर येतंय."

"मग काय, बाळांना उचलून तुमच्या लॅपटॉपसमोर आणून झोपवू?" सिस्टर म्हणाली.

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आई म्हणाली, "दादा, आपल्या जुन्याला उठवू या. तिन्ही मशीनवर चालवून बघू."

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आईच्या लॅपटॉपवर मी घरचाच. हाक आली आणि हजर झालो. तिथे सगळे बरोबर निघाले. मग मामाच्या मॅक लॅपटॉपवर गेलो, तर त्याने दारातच अडवले. निर्माता अनोळखी आहे, आत सोडता येणार नाही, असे तो म्हणे. मामाच्याच घरी भाच्याला ओळख दाखवायची वेळ! शेवटी मामाने सेटिंगमध्ये जाऊन माझी हमी घेतली, तेव्हा कुठे आत शिरलो. तिथेही चूक सापडेना.

उरला सिस्टरचा विंडोज संगणक. मामाने मला तिथे उतरवले, म्हणजे इन्स्टॉल केले, काळ्या खिडकीत माझे नाव टाइप केले आणि उत्तर आले, अशी आज्ञा सापडत नाही. मी आतून ओरडत होतो, "अहो, मी इथेच आहे!" मामाने मला काढून पुन्हा टाकले. तेच उत्तर. आणखी एकदा टाकले. तेच! माझा जीव नुसता कासावीस झाला. मला ठाऊक होते, मी बोललो नाही तर तो चुकीचा आकडा तसाच राहणार.

"जुना झालाय गं तो," मामा कंटाळून म्हणाला. "सोड आता."

आई वाकून पडद्याकडे बघत राहिली. "दादा, ही खिडकी तू याला टाकायच्या आधीच उघडली होतीस ना? तिला याचा पत्ता कुठून कळणार? ही बंद कर. नवीन उघड."

मामाने नवी खिडकी उघडली, नाव टाइप केले, एन्टर दाबले. आणि मी आलो! असा धावलो, असा धावलो की आकड्यांवर आकडे तपासत सुटलो, आणि एका ओळीवर बोट ठेवले. त्या संगणकाची आकडे वाचण्याची सेटिंग वेगळी होती. दशांश चिन्ह तो चक्क गिळत होता. एक पूर्णांक आठ किलोचे बाळ त्याच्या लेखी अठरा किलोचे होते!

मामा खुर्चीवरून उठला. मग आईला म्हणाला, "इथे बस, ती ओळ तूच दुरुस्त कर." ओळ दुरुस्त झाली. सिस्टरने पुन्हा वजन टाकले, आकडा हातावर लिहून दोनदा पडताळला आणि मान हलवली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला तर आनंदाने काय करू नि काय नको असे झाले.

मित्रांनो, मला नीट सांभाळा, कुठे कसे उतरवायचे ते वाचून उतरवा, एवढे माझे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्या टेबलावर काम झाले म्हणून उठून जाऊ नका. जिथे ते वापरले जाणार, तिथे जाऊन एकदा बघा. काचेपलीकडे झोपलेल्या त्या बाळाला, औषध जास्त झाले, हे सांगता येणार नव्हते.